भोकाचा पैसा आणि त्याचे सोबती : सातारा-सांगलीतील युद्धनाण्यांचे विवेचन

जुन्या पैशाचे वजन ७५ ग्रेन होते. १९४३ साली आलेल्या भोकाच्या पैशाचे ३० ग्रेन. दोन जुने पैसे आटवले तर त्याच धातूत पाच नवे पडतात, आणि बाजारात नवा-जुना दोघेही रुपयाचा चौसष्टावा हिस्साच. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदुस्थानी चलनाचे सारे धोरण या हिशेबात दिसते. दर्शनी किंमत जागेवर ठेवायची आणि आतला धातू काढून घ्यायचा.

या नाण्यांचा नेटका संग्रह आजही फारसा पैसा न घालता करता येतो. पण कोणते नाणे कुठे मिळेल, हे टांकसाळीने किती पाडली यावरून फारसे कळत नाही. पाडलेल्यांपैकी कोणती मुशीतून वाचली, यावरून कळते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष तपासण्यासारखी आहे, कारण देशभर सोने-चांदी गाळणारी माणसे इथलीच. पुढचे विवेचन या एका सूत्रावर उभे आहे.

कोणते नाणे युद्धनाणे?

युद्धाच्या वर्षांत पाडलेले प्रत्येक नाणे युद्धनाणे धरले तर वर्गीकरणाला अर्थ उरत नाही. १९४० चा पांढरा एक आणा १९३९ च्या आण्याहून वेगळा नाही. त्याच्यावरची तारीख युद्धातली आहे, घडण शांततेतली. उलट १९४७ चा भोकाचा पैसा युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी पाडलेला, तरी त्याची घडण पूर्णपणे युद्धाची. म्हणून इथे व्याख्या अशी घेतली आहे: युद्धामुळे ज्याचा धातू, वजन किंवा आकार बदलला ते युद्धनाणे. या व्याख्येने मालिका १९४० च्या हलक्या चांदीच्या नाण्यांपासून सुरू होते आणि १९४७ च्या भोकाच्या पैशाशी थांबते.

जगभर हाच बदल वेगवेगळ्या धातूंत झाला. अमेरिकेने १९४३ या एका वर्षी आपला तांब्याचा सेंट पोलादाचा केला आणि त्यावर जस्ताचा मुलामा दिला. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टांकसाळींनी मिळून १०९ कोटींहून अधिक पोलादी सेंट पाडले. संख्या इतकी प्रचंड की आजही तिथला नवशिक्या संग्राहक पहिले नाणे म्हणून तोच सेंट विकत घेतो. जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क जस्ताकडे वळले. नॉर्वे, फिनलंड यांनी लोखंड घेतले. जपानने शेवटी भाजलेल्या मातीची नाणी करून ठेवली, ती चलनात यायच्या आत युद्ध संपले.

या सगळ्यांपुढे हिंदुस्थानाने काय केले? पोलाद वापरले नाही. धातू बदलण्यापेक्षा धातू कमी करण्याचा मार्ग धरला. त्याची कारणे उघड आहेत. पोलादाची गरज लष्कराला तांब्याइतकीच होती. शिवाय पोलादी नाणे या हवेत टिकले नसते. अमेरिकेत पट्टीवर आधी मुलामा देऊन मग चकत्या कापल्या जात, त्यामुळे कड उघडी राहायची आणि गंज तिथूनच चढायचा. पाटण, जावळी किंवा महाबळेश्वरच्या पावसाळ्यात खिशातल्या घामासकट असे नाणे किती दिवस चांगले राहिले असते, याची कल्पना कोयनेकाठी राहिलेल्या कोणालाही करता येईल.

एक भौगोलिक खुलासाही हवा. युद्धाच्या काळात सांगली नावाचा जिल्हा नव्हता. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्याआधी इथे सातारा जिल्ह्याचा ब्रिटिश मुलूख आणि सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. तरी व्यवहारातले नाणे सगळीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचेच. त्यामुळे इथल्या शोधात संस्थानी नाण्यांचा गुंता फारसा येत नाही. काठियावाडात तो येतो, कारण सुट्या पैशांच्या टंचाईत तिथल्या मोरवी, जुनागढसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याची कुपने काढली होती.

धातूंची उतरंड

युद्धाने नाण्यांतले धातू वरून खाली, म्हणजे महाग धातूपासून स्वस्ताकडे, क्रमाने गाठले. संग्रहाची मांडणीही त्याच क्रमाने केली तर कालक्रम आपोआप सांभाळला जातो.

पहिली पाळी चांदीची. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इथे लोक नोटा घेऊन खजिन्यांकडे धावले. कागद नको, बंदा रुपया हवा. सरकारने तीन उपाय केले. व्यवहाराच्या गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे गुन्हा ठरवला. ऑगस्ट १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आणली, जी पहिल्या महायुद्धात १९१७ साली प्रथम आली होती. आणि चांदीच्या नाण्यांतली चांदी जवळजवळ अर्ध्यावर आणली. पूर्वीच्या रुपयात हजारी ९१७ भाग चांदी असे, ती ५०० झाली. उरलेल्यात ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. हा चार धातूंचा मिश्रधातू ब्रिटनने आपल्या नाण्यांत १९२७ पासूनच वापरला होता.

वजन मात्र तेच राहिले, ११.६६ ग्रॅम, एक तोळा. रुपयाने तोळा तोलायची सराफाची रीत त्यामुळे मोडली नाही. वजनाने फसगत होत नव्हती, चांदीच १०.६९ ग्रॅमवरून ५.८३ ग्रॅमवर आली होती. खोट्या रुपयांना आळा म्हणून कडेच्या दात्यांच्या मधोमध एक नक्षीदार खाचही कोरली. बोटाच्या नखाने ती जाणवते, आणि हा रुपया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण तीच.

याच्या पाठोपाठ जुन्या चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनबाह्य केले. १९४१ मध्ये राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाचा रुपया गेला, मग सातव्या एडवर्डचा, १९४३ मध्ये पंचम आणि सहाव्या जॉर्जचे जुने रुपये. हेतू लोकांच्या मडक्यांतली चांदी बाहेर काढण्याचा होता. तीही पुरली नाही. अमेरिकेने उधार-उसनवारीच्या करारात हिंदुस्थानला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली, आणि ती चांदी म्हणूनच परत करायची होती. युद्ध संपताच चांदीचे नाणे का बंद झाले आणि १९४६-४७ मध्ये वाघाचे चित्र असलेली निकेलची नाणी का आली, याचे उत्तर या कर्जात बरेचसे सापडते.

दुसरी पाळी निकेलची. चिलखती पोलादासाठी निकेल लागते. पांढऱ्या आण्यात आणि चवलीत (दोन आण्यांच्या नाण्यात) ते चतुर्थांश होते. १९४२ मध्ये ते जवळपास सगळे काढून तांबे-जस्ताच्या पितळेत नावापुरते उरवले. नाणी पिवळी झाली. आकार तेच राहिले, एक आण्याची कड फुलासारखी लाटदार, चवली चौकोनी. त्यांच्या जोडीला अर्ध्या आण्याचे लहान चौकोनी नाणे त्याच वर्षी चलनात आले. १९४५ पर्यंत ही पिवळी नाणी पाडली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा पांढरी झाली. त्यामुळे या तीन मूल्यांच्या बाबतीत रंग हीच तारीख. पिवळे दिसले की युद्ध, पांढरे दिसले की आधीचे किंवा नंतरचे. ढिगातून निवडणाऱ्याला इतकी सोय दुसरे कोणते नाणे देत नाही.

तिसरी पाळी तांब्याची, आणि मला ती सर्वांत रोचक वाटते. काडतुसाची नळी पितळेची, तोफगोळ्याचे कवच पितळेचे, तारायंत्राची तार तांब्याची. देशात तांबे काढणारी खाण म्हणजे तेव्हाच्या बिहारातल्या घाटशिळेची, बाकी सारे बाहेरून यायचे. इकडे तांब्याचा बाजारभाव चढत गेला तसा पैशाचा धातू पैशापेक्षा महाग होऊ लागला. मग कासाराकडे सुटे पैसे मोडीत जाणारच. १९४२ मध्ये पै पाडणे थांबले, राजाच्या डोक्याचा मोठा पैसाही थांबला. १९४३ मध्ये २१ मिलिमीटरहून थोडा रुंद, मधोमध मोठे भोक असलेला कांस्याचा पैसा आला. ४.८६ ग्रॅमचा पैसा १.९५ ग्रॅमवर आला. भोक पाडल्याने नाणे रुंद ठेवूनही हलके करता आले, आणि रुंद ठेवल्यामुळे ते हातात पैशासारखे वाटत राहिले. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिशांनी ही युक्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच करून पाहिली होती.

मधोमध भोक म्हटल्यावर राजाचे डोके बसणार कुठे? ते गेले, नुसता मुकुट राहिला. मागच्या बाजूला पानांचे वेटोळे. ज्या वर्षी हा बिनडोक्याचा पैसा आला त्याच वर्षी साताऱ्यात ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचे काम वाढत होते आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीला त्याच्या तूफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वे गाठली. दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध काही नाही. पण एखादा विक्रेता शेणोलीच्या लुटीतला पैसा म्हणून नाणे पुढे करू लागला तर लक्षात असावे की अशी कोणतीही खूण नाण्यावर उमटत नसते. त्या गोष्टीचे पैसे वेगळे द्यायचे कारण नाही.

तीन चाळण्या

पाडलेले नाणे आणि आज हाती येणारे नाणे यांच्यामध्ये ऐंशी वर्षे आहेत. या काळात नाणी तीन चाळण्यांतून गेली.

पहिली चाळणी मुशीची. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली गलाईवाली मंडळी दुष्काळाच्या रेट्याने बाहेर पडली आणि आज देशात जिथे सराफकट्टा आहे तिथे त्यांची भट्टी आहे. सराफी दुकानातला केर गाळून त्यातले सोने काढणे, जुने दागिने आटवून शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. ज्या मुलखातल्या घरांत धातूची पारख अशी अंगवळणी पडलेली आहे, तिथे चांदीचा रुपया निव्वळ आठवण म्हणून पडून राहणे अवघड. जुना राणीछाप पहिल्यांदा गेला, त्यात चांदी भरपूर. युद्धातल्या रुपयाला थोडे संरक्षण मिळाले. अर्धी चांदी, आणि उरलेल्यात तीन निरनिराळे धातू. गाळायला कटकट, निघणार कमी. म्हणून १९४० ते १९४५ चे रुपये आजही सराफांच्या गल्ल्यात सापडतात. अर्थात चांदीचा भाव चढला की ही कटकटही परवडते. यातून एक नियम निघतो: ज्या युद्धनाण्यात मौल्यवान धातू कमी, ते अधिक सुखरूप. कांस्याचा १.९५ ग्रॅमचा पैसा आटवून मिळणार काय?

दुसरी चाळणी वापराची, आणि ती भोकाच्या पैशाने फार वेगळ्या तऱ्हेने ओलांडली. भोकामुळे तो ओवता येतो. तान्ह्याच्या करदोट्यात, पाळण्याच्या दोरीला, कुंचीच्या नाडीला, बैलाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात तो गेला. नट-बोल्टाखाली वॉशर म्हणूनही गेला, कारण मोटेच्या किंवा इंजिनाच्या दुरुस्तीला बाजारातला वॉशर महाग आणि हाताशी असलेला पैसा स्वस्त. चलनातून बाद झाल्यावरही त्याला काम राहिले. बाकी नाणी डब्यात पडून राहिली किंवा मोडीत गेली. पण हेच काम त्याला झिजवतही होते. दोऱ्यातला पैसा भोकाच्या एकाच बाजूने झिजतो, वॉशर झालेला दोन्ही अंगांनी चेपतो. त्यामुळे पैसे ढिगाने मिळतात आणि स्वच्छ ठशाचे विरळ मिळतात.

तिसरी चाळणी नदीची. माहुली, वाई, औदुंबर, सांगलीचा घाट, कृष्णेच्या प्रत्येक पुलावरून आणि घाटावरून पिढ्यान्‌पिढ्या नाणी पाण्यात पडत आली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की दोरीला लोहचुंबक बांधून ती काढणारी मुले दिसतात. आता लोहचुंबकाला काय चिकटते ते पाहा. १९८८ पासून आलेली पोलादी पैशांची नाणी आणि त्यानंतरचे पोलादी रुपये चिकटतात. १९४६-४७ ची निकेलची पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) आणि १९४७ चा रुपयाही चिकटतात. भोकाचा पैसा, पिवळा आणा, चवली, चांदीचा रुपया यांतले एकही चिकटत नाही. म्हणजे लोहचुंबक युद्धानंतरची नाणी वर काढतो आणि युद्धातली तळाशी सोडतो. नदीकाठच्या मुलांकडे युद्धनाणी क्वचितच मिळतात, आणि मिळाली तर ती हाताने वाळू चाळणाऱ्याकडची असतात. तिथली नाणी बहुधा खड्डे पडून हिरवट झालेली असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नये हे माझे मत.

शोध कुठे घ्यावा

वरच्या तीन चाळण्या लक्षात घेतल्या तर शोधाच्या जागा सांगणे सोपे जाते.

सर्वांत आधी घर. देव्हाऱ्यातला तांब्याचा गडू, हळकुंड-सुपारीची पुरचुंडी, कलशात टाकायची ठेवणीतली नाणी, आजीची चंची, बाळंतिणीच्या सामानाची पेटी. ही नाणी कोणी किमतीसाठी ठेवलेली नसतात, विधीसाठी ठेवलेली असतात, म्हणून ती मुशीपासून वाचली. विचारतानाही जपून विचारावे. कलशातले नाणे बदलून द्यायला घरातली वडीलधारी मंडळी सहसा तयार होत नाहीत, आणि त्यांनी तयार व्हावे अशी अपेक्षाही धरू नये. त्याचा फोटो आणि तारीख टिपली तरी अभ्यासाचे काम होते.

दुसरी जागा भांड्यांच्या दुकानातली मोड. तांब्या-पितळेची जुनी भांडी वजनावर घेऊन नवी देणाऱ्या दुकानात मोडीच्या पोत्यात नाणी येतात. इथे भाव धातूच्या वजनाने ठरतो, म्हणून हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. दुकानदाराला वजनाच्या दरापेक्षा थोडे जास्त देऊन पोते चाळण्याची परवानगी मिळवावी. पिवळा अर्धा आणा या पोत्यांत इतर जागांपेक्षा अधिक आढळतो, कारण पितळेत पितळ मिसळून जाते. भंगारवाल्याकडे मोडलेली इंजिने आणि जुनी औतेही येतात. वॉशर झालेले पैसे तिथले.

तिसरी जागा आठवडी बाजार आणि जत्रा. पुसेगाव, म्हसवड, पाली, खरसुंडी अशा जत्रांत रस्त्याकडेला चादर पसरून जुनी नाणी, कवड्या, रुद्राक्ष आणि अंगठीचे खडे विकणारे असतात. त्यांच्या ढिगात खोटी शिवराई आणि रामटंका यांचे प्रमाण मोठे, आणि गंमत अशी की त्याच ढिगातला भोकाचा पैसा हमखास खरा असतो. इतके स्वस्त नाणे खोटे करण्याने कोणाचे पोट भरत नाही. नवशिक्याने सुरुवात युद्धनाण्यांपासून करावी असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हे. डोळा तयार होईपर्यंत फसण्याची भीती कमी.

सराफकट्टा शेवटी. चांदीचे युद्धरुपये तिथेच मिळतात, पण त्यांची किंमत चांदीच्या दिवसभावाखाली कधी जात नाही. स्वस्त संग्रहाच्या व्याख्येतून ते आता बाहेरच पडले आहेत. मालिका पुरी करायला एक रुपया आणि एक पावली पुरे.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पूर्व भागात मिळणारे कांस्य पश्चिमेकडच्यापेक्षा सरसकट चांगल्या स्थितीत असते. त्याच्यावर तपकिरी, एकसारखी कांती चढलेली असते. कोयना खोऱ्यातल्या नाण्यांवर हिरवे, भुसभुशीत ठिपके पडलेले आढळतात. शोधाला वेळ थोडा असेल तर पूर्वेकडे जावे.

आणखी एक जागा, जिचा विचार संग्राहक सहसा करत नाहीत. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी दुसऱ्या महायुद्धात एरिट्रिया, उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढल्या. परतलेल्या सैनिकांच्या ट्रंकेत पदकांबरोबर परदेशी सुटे पैसेही येणे स्वाभाविक होते. इटलीने १९३९ पासून आपली काही लिरा आणि चेंतेसिमी नाणी अ‍ॅक्मोनिताल नावाच्या गंजरोधक पोलादाची केली होती. त्यातली काही लोहचुंबकाला चिकटतात, काही नाही, आणि दोन्ही प्रकार वेगळे धरले जातात. हिंदुस्थानाने पोलादी युद्धनाणे काढले नाही. तरी साताऱ्याच्या एखाद्या ट्रंकेत ते निघू शकते.

ओळख आणि प्रकार

भोकाचा पैसा पाच वर्षे पाडला गेला, १९४३ ते १९४७. म्हणजे वर्षवार संच पाच नाण्यांत होतो. खरा अभ्यास त्यापुढे, टांकसाळीच्या खुणेपासून सुरू होतो. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते. मुंबईची खूण तारखेजवळचे टिंब किंवा हिऱ्याचा लहान आकार. लाहोरची खूण रोमन एल अक्षर. लाहोरची टांकसाळ युद्धाचेच अपत्य होती. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले, पूर्वेकडची टांकसाळ धोक्यात आली आणि १९४३ मध्ये लाहोरला काम सुरू झाले. एवढ्यानेही भागेना म्हणून काही पैसे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पाडून आणले. साताऱ्याच्या बाजारात मुंबईची नाणी अधिक दिसतात, जे अंतराच्या दृष्टीने साहजिकच. म्हणून इथल्या ढिगात एल दिसला तर तो बाजूला काढावा.

ही खूण बघायला दहापट भिंग पुरते. झिजलेल्या नाण्यावर उजेड समोरून न पाडता बाजूने तिरपा पाडावा, टिंबाची सावली पडते. वजनासाठी सराफी काटा असला तर उत्तम. चलनात झिजलेला पैसा १.९५ ग्रॅमपेक्षा थोडा कमी भरतो. फार कमी भरला तर कड घासलेली असते.

भोक तपासायला विसरू नये. टांकसाळीत भोकाच्या आतल्या कडेभोवती उठावाची गोल किनार येते. नंतर कोणी छिद्र मोठे केले असेल तर ती किनार तुटते. भोक मध्यापासून सरकलेले अस्सल नाणेही सापडते आणि त्याला किंमत अधिक मिळते, पण किनार शाबूत असल्याखेरीज अशा नाण्याला जास्त पैसे मोजू नयेत.

पाकिस्तानने १९४८ पासून काही वर्षे हाच भोकाचा पैसा चालू ठेवला, मुकुटाच्या जागी चंद्रकोर घालून. आपल्याकडे १९५० मध्ये घोड्याचा पैसा आला आणि भोक बुजले. हे दोन्ही पैसे मालिकेत घेऊ नयेत, पण शेवटच्या पानावर तुलनेला ठेवायला हरकत नाही.

किंमत आणि कायदा

झिजलेला, सामान्य वर्षाचा भोकाचा पैसा काही रुपयांत मिळतो. पिवळे आणे त्याहून थोडे वर. मूळची चकाकी राहिलेले नाणे याच्या कित्येक पट जाते, कारण तसे उरलेच थोडे. संकेतस्थळांवर आणि मोबाइलवरच्या निरोपांत जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती फिरतात. नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली आगाऊ मागितली की समजावे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले की जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि तिच्या नावाने पैसे मागणारे फसवे आहेत.

पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षे पूर्ण झालेली नाणी येतात आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत. १९४३ चे नाणे अजून त्यात बसत नाही, म्हणून परगावच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांशी अदलाबदल करायला अडचण नाही. १९१८ ची चवली मात्र त्या रेषेपलीकडे गेली आहे. धातुशोधक यंत्र घेऊन शेतात किंवा गढीच्या पडक्या भिंतीशी उकरायचा मोह होतो. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याने जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. ही दहा रुपयांची मर्यादा कायद्यात तशीच आहे.

जतन आणि नोंद

नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पूड, यातले काहीही कांस्याची कांती एका मिनिटात घालवते आणि नाणे कच्च्या गुलाबी रंगाचे होते. संग्राहक ते लगेच ओळखतात. अमेरिकेत पोलादी सेंटवर पुन्हा मुलामा देऊन नव्यासारखे करून विकतात, त्यालाही तिथे मान नाही. मळ असेल तर शुद्ध पाण्यात भिजत ठेवावे आणि टिपून कोरडे करावे. हिरवी भुकटी हाताला लागत असेल तर ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवावे, ती लागण पसरते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यांतून निघणारे द्रव्य तांब्याला चिकट हिरवे करते. आम्लविरहित कागदाचे पाकीट स्वस्त आणि चांगले.

पाकिटावर वर्ष, मूल्य, धातू, टांकसाळ आणि वजन तर लिहावेच. त्याखाली नाणे कुठल्या गावात आणि कशात मिळाले तेही लिहावे: करदोटा, कलश, मोडीचे पोते, इंजिनाचा बोल्ट, सैनिकाची ट्रंक. बाजारात या ओळीला किंमत नाही. पण वर मांडलेल्या तीन चाळण्यांचा पुरावा तिच्यातच आहे. आटपाडीच्या करदोट्यातले पन्नास आणि पाटणच्या मोडीतले पन्नास पैसे अशा नोंदीसह समोर आले, तर लाहोरचा एल या मुलखात किती पोचला आणि कोणत्या वाटेने पोचला हे मोजता येईल. चेपलेला वॉशर-पैसाही म्हणून फेकू नये. तो संचात बसत नाही, त्याला वेगळे पाकीट करावे आणि ज्या यंत्रातून निघाला त्याचे नाव त्यावर लिहावे.